दोन राउटरांमधल्या मोजक्या वाटा

23 नोव्हेंबर 2024 रोजी सकाळी आठ वाजता टपाली मतांपासून महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी सुरू झाली. मतदारसंघ 288. मराठी वृत्तवाहिनीच्या तांत्रिक विभागाला अशा दिवसाइतका कस लावणारा दुसरा दिवस नसतो. जिल्ह्याजिल्ह्यातल्या ओबी (आउटसाइड ब्रॉडकास्ट) व्हॅन, वार्ताहरांच्या पाठीवरचे बॅकपॅक, पक्ष कार्यालयांबाहेरचे कॅमेरे, वृत्तसंस्थांचे फीड, ग्राफिक्सची यंत्रं आणि स्टुडिओतले स्वतःचे कॅमेरे, सगळं एकाच वेळी आत येत असतं. प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच की पडद्यावरच्या सहा खिडक्यांपैकी एकीत बारामती जाऊन नागपूर आलं. हा बदल इमारतीच्या आत कुठे घडतो आणि ऐन वेळी तो का अडू शकतो, त्याबद्दल हा लेख आहे.

बदल घडवणाऱ्या यंत्राचं नाव व्हिडिओ राउटिंग स्विचर. कामावरची माणसं नुसतं ‘राउटर’ म्हणतात. घरातल्या वायफायच्या राउटरशी त्याचा संबंध नाही. एका बाजूने चित्राचे स्रोत आत येतात, म्हणजे सोर्स. दुसऱ्या बाजूने ती चित्रं हवी असलेली ठिकाणं जोडलेली असतात, म्हणजे डेस्टिनेशन. आत प्रत्येक सोर्सची आडवी ओळ आणि प्रत्येक डेस्टिनेशनची उभी ओळ जिथे छेदते तिथे एक इलेक्ट्रॉनिक खटका असतो. त्याला क्रॉसपॉइंट म्हणतात. नियम दोनच. एक सोर्स एकाच वेळी कितीही डेस्टिनेशनना देता येतो. एका डेस्टिनेशनला मात्र एका वेळी एकच सोर्स मिळतो. नवा दिला की जुना आपोआप सुटतो.

हे खटके कधीही पडून चालत नाही. एचडी चित्र केबलमधून सेकंदाला 1.485 अब्ज बिटांच्या वेगाने वाहत असतं. फ्रेमच्या मध्येच तोडलं तर चित्र फाटतं. म्हणून इमारतीतल्या सगळ्या यंत्रांना एकच संदर्भ-ठोका पुरवतात आणि राउटर फ्रेमच्या त्या भागात स्विच करतो जिथे दिसणारं चित्र नसतं. 1080 ओळींच्या एचडीसाठी एसएमपीटीई ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ती जागा 7व्या ओळीत आहे. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, आणि त्यातल्या एका ठरलेल्या ओळीवर अदलाबदल. इथवर सगळं एका राउटरच्या पोटात घडतं आणि फारशा अडचणीशिवाय घडतं.

अडचणी राउटर दोन झाले की सुरू होतात. दोन का होतात? पहिलं कारण क्रॉसपॉइंटची संख्या वर्गाने वाढते हे. 72 सोर्स आणि 72 डेस्टिनेशनच्या राउटरला 5,184 क्रॉसपॉइंट लागतात. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की 20,736. दुसरं कारण अंतर. कोअॅक्स केबलवरून एचडी सिग्नल साधारण शंभर मीटरपर्यंत भरवशाने जातो, त्यापुढे फायबर लागतं, मग दुसऱ्या मजल्यावरच्या स्टुडिओंना त्यांचा स्वतःचा राउटर देणं सोयीचं ठरतं. पण माझ्या मते सगळ्यात खरं कारण इतिहास हेच असतं. वाहिनी सुरू होताना एक राउटर घेतला, चार वर्षांनी नवा स्टुडिओ उभा राहिला, त्याच्यासोबत दुसऱ्या कंपनीचा दुसरा राउटर आला. कागदावर आखून कोणी दोन घेत नाही.

मग पहिल्या राउटरचे काही आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटना जोडतात. ह्या जोडणीला टाय-लाइन म्हणतात. एमसीआरमधला, म्हणजे मास्टर कंट्रोल रूममधला, राउटर ‘अ’, स्टुडिओच्या मजल्यावरचा ‘ब’, आणि ‘अ’कडून ‘ब’कडे बारा टाय-लाइनी आहेत असं धरू. ह्यातली प्रत्येक लाइन ‘अ’चा एक आउटपुट आणि ‘ब’चा एक इनपुट खाते. त्या जागी एखादा रेकॉर्डर किंवा कॅमेरा लावता आला असता. म्हणून त्यांची संख्या नेहमी तुटपुंजी असते. शिवाय त्या एकाच दिशेच्या. स्टुडिओतलं चित्र परत एमसीआरला द्यायचं तर उलट दिशेच्या टाय-लाइनी वेगळ्या टाकाव्या लागतात, आणि एका दिशेच्या मोकळ्या पडल्या म्हणून दुसरीकडची चणचण भागत नाही.

आता हाताने काम कसं चालतं ते पाहू. स्टुडिओच्या मॉनिटरवर कोल्हापूरची ओबी हवी आहे. ती ‘अ’वर येते, मॉनिटर ‘ब’वर आहे. ऑपरेटर ‘अ’च्या पॅनेलवर ओबी-7 निवडून ती आउटपुट 113 वर टाकतो, कारण टाय-लाइन 5 तिथून निघते. मग ‘ब’च्या पॅनेलवर जाऊन इनपुट 97 मॉनिटरला देतो, कारण टाय-लाइन 5 तिथे पोचते. चित्र दिसतं. पण ‘ब’च्या पॅनेलवर नाव दिसतं ‘टाय 5’. ते कोल्हापूर आहे हे ऑपरेटरच्या डोक्यात किंवा टेबलावर चिकटवलेल्या कागदावर. दहा मिनिटांनी शिफ्ट बदलते. नव्या माणसाला एडिटच्या खोलीसाठी सांगलीचा फीड पाठवायचा असतो, त्याला टाय 5 मोकळी वाटते, तो आउटपुट 113 वर सांगली टाकतो. दरम्यान मॉनिटरला दिलेला तोच इनपुट 97 कोणीतरी ऑन-एअर घेतलेला असतो. कोल्हापूरच्या नावपट्टीखाली सांगली प्रक्षेपित होते, आणि यंत्रांपैकी एकानेही चूक केलेली नसते.

सिग्नलची वाट शोधणारी नियंत्रण प्रणाली ह्याच प्रसंगासाठी असते. ऑपरेटर फक्त म्हणतो, ओबी-7 स्टुडिओ मॉनिटर 3 वर. दोन्ही राउटर कुठे आहेत हे त्याला माहीत असण्याचंही कारण नाही. प्रणाली पाहते की सोर्स ‘अ’वर आहे, डेस्टिनेशन ‘ब’वर. मग ती आधी हे तपासते की ओबी-7 कोणत्या तरी टाय-लाइनवरून आधीच ‘ब’कडे जात आहे का. जात असेल तर नवी लाइन घ्यायची गरज नाही, तीच मॉनिटरला द्यायची. नसेल तर मोकळी लाइन निवडायची, तिच्यावर आपलं नाव टाकायचं, आधी ‘अ’चा क्रॉसपॉइंट पाडायचा आणि मगच ‘ब’चा. हा क्रम उलटा झाला तर त्या लाइनवर पडून असलेलं जुनं चित्र क्षणभर चमकून जातं. सगळ्यात शेवटी पॅनेलवर ‘टाय 5’ऐवजी ‘ओबी-7’ हे खरं नाव दाखवायचं. दिसायला हा भाग किरकोळ आहे. पण पॅनेलवर खरं नाव येत नसेल तर ऑपरेटर कागदाकडे परततात आणि प्रणाली असूनही हातानेच काम करू लागतात.

वाट शोधण्याचं गणित जुनं आहे. डच गणिती एड्सखर डाइक्स्ट्रा ह्यांनी 1956 मध्ये अॅमस्टरडॅमला, आर्मॅक ह्या नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक लोकांना समजेल अशा प्रश्नातून दाखवायचं म्हणून, नेदरलँड्समधल्या शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढण्याची रीत बसवली. 1959 मध्ये ती छापून आली. शहरांच्या जागी राउटर आणि रस्त्यांच्या जागी टाय-लाइनी ठेवल्या की तीच रीत इथे चालते. पण वाहिनीत राउटर असतात तीन, फार तर पाच. त्यांच्यातली वाट शोधायला संगणकाला काहीच वेळ लागत नाही. वाट शोधणाऱ्या प्रणालीची जाहिरात होते ती ह्या हुशारीची. अवघड भाग दुसरीकडेच आहे, आणि तो खरेदी करून मिळत नाही.

तो भाग म्हणजे घेतलेली लाइन कधी सोडायची हे ठरवणं.

कर्जत ते लोणावळा घाटात रेल्वेचे तीनच मार्ग आहेत. दोन्ही बाजूंच्या यार्डांत रूळ कितीही असोत, घाटातून एका वेळी जाणाऱ्या गाड्या त्या तिन्हींवर अवलंबून. तिथे सिग्नल यंत्रणा तेव्हाच मार्ग मोकळा धरते जेव्हा गाडी पुढे निघून गेल्याची खात्री पटते. टाय-लाइनचं दुखणं हे की इथली गाडी निघून जातच नाही. मॉनिटरवर कोल्हापूर दिलं, काम झालं, ऑपरेटर उठून गेला. मॉनिटर तसाच चालू, कोणी पाहत नाही, पण प्रणालीच्या दृष्टीने तिथे डेस्टिनेशन आहे आणि त्याने सोर्स मागितलेला आहे. म्हणून प्रणाली ती लाइन सोडू शकत नाही. शेवटचं डेस्टिनेशन दुसऱ्या सोर्सवर गेलं तरच लाइन मोकळी होते.

म्हणून टाय-लाइनी संपल्याची तक्रार आली की मी आधी संख्या पाहत नाही, धरून कोण बसलंय ते पाहतो. जवळजवळ नेहमी तीच मंडळी सापडतात. एडिटच्या खोल्यांतले मॉनिटर, ज्यांच्यावर कालचा फीड अजून चालू आहे. रेकॉर्डिंग संपलेले रेकॉर्डर. आणि सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे मल्टिव्ह्यूअर, ती भिंतीवरची मोठी चौकटी-चौकटींची पाटी. तिच्या सोळा चौकटींत पलीकडच्या राउटरवरची दहा चित्रं कायमची लावून ठेवली, तर बारापैकी दहा लाइनी पहिल्याच दिवशी गेल्या. वाट शोधणारी प्रणाली बिनचूक काम करते आहे, आणि तरी उरल्या दोन.

संरचना करताना म्हणूनच लाइनींचे गट पाडतात. काही लाइनी फक्त ऑन-एअर स्विचरच्या, म्हणजे प्रक्षेपणात जाणारं चित्र निवडणाऱ्या यंत्राच्या, इनपुटांसाठी राखीव. मल्टिव्ह्यूअरला कायम लागणारी चित्रं टाय-लाइनवरून न नेता थेट केबल टाकून द्यावीत. त्याचा खर्च एकदाच होतो आणि कटकट कायमची जाते. एडिटच्या डेस्टिनेशनना कमी अग्रक्रम द्यावा आणि ठराविक वेळाने त्यांना काळ्या चित्रावर, म्हणजे ब्लॅकवर नेऊन ‘पार्क’ करणारी आज्ञा लावावी. अग्रक्रमाची गोष्ट नाजूक आहे. ऑन-एअरची मागणी आली आणि लाइन शिल्लक नसेल तर प्रणालीने एडिटवाल्याची लाइन हिसकावावी का? तंत्रज्ञ ह्याचं उत्तर देऊ शकत नाहीत. त्या एडिटच्या खोलीत कदाचित पुढच्या बुलेटिनची मुख्य बातमी रेकॉर्ड होत असेल. न्यूजरूम, प्रॉडक्शन आणि इंजिनिअरिंग एकत्र बसून हे शांत दिवशी ठरवतात तिथे प्रणाली चांगली चालते. बाकी ठिकाणी ते मतमोजणीच्या सकाळी आरडाओरड्यात ठरतं.

एक लाइन हिसकावायची नाही, पण सरकवायची, असंही करता येईल असं कोणाला वाटेल. कोल्हापूरला एका गटातल्या टाय 5 वरून दुसऱ्या गटातल्या मोकळ्या टाय 9 वर हलवलं की 5 मोकळी. टेलिफोन एक्स्चेंजच्या शास्त्रात अशी फेरजुळणी मान्य आहे, तिच्या भरवशावर कमी साधनांत काम भागतं. चित्राच्या बाबतीत ती धोक्याची, कारण चालू चित्र एका वाटेवरून दुसरीवर टाकताना वेळेत किंचित फरक असला तरी पडदा उसळतो. ऑन-एअर वाटेला ‘प्रोटेक्ट’ लावून ठेवतात ते ह्यासाठीच. मग तिला प्रणालीनेही हात लावायचा नाही.

किती लाइनी पुरतील, हा प्रश्नही टेलिफोनवाल्यांनी आधी सोडवला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अॅग्नर क्रारूप एरलांग ह्यांनी 1917 मध्ये त्यासाठी सूत्र दिलं. त्या सूत्राने हिशेब करून पाहिला तर डोळे उघडतात. सरासरी 10 लाइनी गुंतून राहतील इतकी मागणी असताना लाइनीही 10च ठेवल्या, तर दर पाचातली एकाहून थोडी अधिक मागणी परत जाते. ते प्रमाण शंभरात एकाच्या खाली आणायचं तर 18 लागतात. हीच मागणी 5-5 च्या दोन वेगळ्या गटांत वाटली तर प्रत्येकी 11, म्हणजे एकूण 22. राखीव गट पाडण्याची ही किंमत असते, त्यामुळे गट हवेत, पण कमीत कमी. अर्थात हे सूत्र असं धरून चालतं की मागण्या एकमेकींशी संबंध न ठेवता, वाटेल तेव्हा येतात. मतमोजणीच्या दिवशी एखादा मोठा निकाल लागला की प्रत्येक खोलीला एकाच क्षणी तोच मतदारसंघ हवा असतो. त्यात एक दिलासा आहे: सगळ्यांना एकच सोर्स हवा असेल तर एकाच लाइनवर भागतं. खरी ओढाताण होते ती वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळे सोर्स एकदम लागतात तेव्हा, म्हणजे एक्झिट पोलच्या संध्याकाळी किंवा मुंबईत पाणी तुंबलेल्या दुपारी.

बेल लॅब्जमधले चार्ल्स क्लॉस ह्यांनी 1953 मध्ये ह्याच्याही पुढे जाऊन विचारलं की लहान स्विच जोडून असं जाळं बांधता येईल का, ज्यात मागणी कधीच अडणार नाही. त्यांची रचना तीन थरांची. पहिल्या थरातल्या प्रत्येक स्विचला n इनपुट असतील तर मधल्या थरात 2n–1 स्विच लागतात. का, ते सहज पटतं. मला नवी जोडणी हवी आहे. माझ्या स्विचमधल्या बाकी n–1 सोर्सनी मधले n–1 स्विच अडवले असतील. पलीकडच्या टोकाच्या स्विचमधल्या बाकी n–1 डेस्टिनेशननी दुसरेच n–1 अडवले असतील. दोन्हींची बेरीज 2n–2. आणखी एक ठेवला की माझी वाट नक्की. 1,000 बाय 1,000 ची सरळ चौकट दहा लाख क्रॉसपॉइंट मागते. वीस-वीस इनपुटांचे स्विच घेऊन ह्या रचनेत 1,75,500 पुरतात. मात्र क्लॉस ह्यांचा हिशेब एकास एक जोडणीचा आहे. वाहिनीत एक सोर्स अनेकांना द्यायचा असतो, तिथे 2n–1 ची हमी टिकत नाही. विक्रेत्याने ‘नॉन-ब्लॉकिंग’ म्हटलं की कशासाठी नॉन-ब्लॉकिंग, हे विचारायलाच हवं.

वाट सापडली म्हणजे ती चांगलीच असते असंही नाही. ‘अ’वरून ‘ब’कडे थेट लाइन नसेल तर प्रणाली ‘क’ ह्या तिसऱ्या राउटरमधून वळसा घालून नेईल, आणि त्या वळशात चित्र संदर्भ-ठोक्याशी जुळवणारे फ्रेम सिंक्रोनायझर असतील तर प्रत्येक जण चित्राला एक फ्रेमपर्यंत उशीर करतो. दोन असले तर 80 मिलिसेकंदांपर्यंत. आवाज वेगळ्या लेव्हलने, म्हणजे राउटिंगच्या स्वतंत्र थरातून, उशीर न होता गेला तर तो चित्राच्या पुढे धावतो. आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला ते जाणवू लागतं, असं आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत नोंदलेलं आहे. म्हणून प्रत्येक लाइनला ‘खर्च’ नावाचा आकडा देतात: थेट लाइनला कमी, वळशाला जास्त, सिंक्रोनायझर किंवा कन्व्हर्टर असलेल्या वाटेला त्याहून जास्त. शिवाय किती राउटर ओलांडायचे ह्याची मर्यादा घालतात. आणि चित्र व आवाजाच्या लेव्हल एकत्रच हलतील अशी गाठ मारतात. एकाला वाट मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, तर दोन्ही नाकारलेलं बरं.

ह्या सगळ्याच्या तळाशी एक साधं कोष्टक असतं: कुठल्या राउटरचा कुठला आउटपुट कुठल्या राउटरच्या कुठल्या इनपुटला. ते चुकलं की वरचं सगळं शहाणपण वाया जातं. रॅकच्या मागे कोणीतरी 5 आणि 6 च्या केबलींची अदलाबदल केली, तर पॅनेल ठामपणे ओबी-7 म्हणत राहील आणि मॉनिटरवर भलतंच दिसेल. राउटरच्या दृष्टीने क्रॉसपॉइंट बरोबर पडलेला असतो, त्यामुळे कुठलाही अलार्म वाजत नाही. ह्याला उपाय एकच: प्रत्येक लाइनवर तिचा क्रमांक लिहिलेलं चाचणी-चित्र सोडायचं आणि पलीकडे तोच क्रमांक येतो का ते डोळ्यांनी पाहायचं. कोष्टकावर विसंबून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. तसंच, राउटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून किंवा दुसऱ्या कंट्रोलरवरून कोणी प्रणालीला न विचारता टाय-लाइनचा खटका पाडू शकत असेल तर तो मार्ग बंद करावा. आणि प्रणाली रीस्टार्ट झाली की तिने आधी राउटरांकडून सगळे क्रॉसपॉइंट वाचून घ्यावेत, त्यावरून कोण काय धरून आहे ते जुळवावं, आणि तोवर एकही खटका हलवू नये.

आता राउटरांची जागा नेटवर्क स्विच घेत आहेत. 2017 मध्ये आलेल्या एसटी 2110 मानकांनुसार चित्र, आवाज आणि इतर माहिती वेगवेगळ्या आयपी प्रवाहांतून जाते. टाय-लाइनी गेल्या असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांची फक्त मोजणी बदलली. एचडीचा एक प्रवाह साधारण 1.1 गिगाबिटचा, दोन स्विचमधल्या 10 गिगाबिटच्या दुव्यावरून असे आठ आरामात जातात. जुन्या जगात लाइनी संपल्या की नवी मागणी नाकारली जायची, चालू असलेली चित्रं सुरक्षित राहायची. नेटवर्कच्या साध्या मल्टिकास्ट पद्धतीत रिसीव्हर प्रवाह मागतो आणि स्विच देतो, दुव्यावर जागा आहे का हे तो पाहत नाही. दहावा प्रवाह आला की दुवा ओसंडतो, पॅकेट गळतात, आणि आधीची नऊही चित्रं तुटू शकतात. म्हणून इथे प्रत्येक दुव्यावर किती गिगाबिट वापरात आहेत ह्याचा हिशेब ठेवून परवानगी देणारा कंट्रोलर लागतो. बिटांच्या भाषेत तो टाय-लाइनी वाटण्याचंच काम करतो, आणि प्रवाह सोडायचा कधी हा प्रश्न त्याच्यापुढेही तसाच उभा असतो.

मोठ्या दिवसाआधी ह्या प्रणालीची एक चाचणी आवर्जून घ्यावी, आणि ती बहुतेक ठिकाणी घेतली जात नाही. सगळ्या टाय-लाइनी मुद्दाम भराव्यात. एकापाठोपाठ एक वेगळा सोर्स पलीकडे पाठवत राहायचं, बाराच्या बारा संपेपर्यंत, आणि मग तेरावा मागायचा. ह्या क्षणी पॅनेलवर काय दिसतं ते पाहावं. काही प्रणाल्या काहीच दाखवत नाहीत. बटण दाबलं जातं, जुनं चित्र तसंच राहतं, ऑपरेटर पुन्हा पुन्हा दाबत बसतो. काही नुसता ‘एरर’ दाखवतात. पाहिजे ते असं: वाट नाही, आणि सध्याच्या बारा लाइनी कोणत्या सोर्ससाठी, कोणत्या डेस्टिनेशननी, किती वेळापासून धरल्या आहेत त्याची यादी. ती यादी समोर आली की शिफ्टचा माणूस फोन उचलून एडिट-4 ला विचारू शकतो, सकाळपासून लावून ठेवलेला तो फीड अजून लागतोय का.